मोहरीएवढे शिसे

लग्नाचा बार उडवणे, बार फुसका निघणे, सभागृह ठासून भरणे हे वाक्प्रचार आपण पंगतीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांच्या मुळाशी एक बंदूक आहे आणि ती हाताने भरणारा एक मनुष्य आहे, याचे स्मरण आज कोणाला उरलेले नाही. ठासणीची बंदूक ज्या काळी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रानडुकरांपासून नाचणीचे शेत राखीत असे, त्या काळी काडतूस नावाची तयार वस्तू बाजारात मिळत नव्हती. प्रत्येक बार हा बंदूकवाल्याने स्वतः मापून, स्वतः ठासून आणि स्वतःच्या जबाबदारीवर भरलेला असे. शिंगातून तळहातावर दारू ओतून घ्यावी, ती नळीत सोडावी, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासावा, त्यावर छर्रे घालावेत, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा एक हलका बोळा बसवावा आणि शेवटी कानावर केप चढवावी, हा क्रम चुकला तर एक तर बार फुसका जाई किंवा नळी फाटून भरणाऱ्याचाच हात जाई. ‘प्रमाण’ हा शब्द न्यायशास्त्रात पुरावा या अर्थी आणि व्यवहारात माप या अर्थी येतो. बंदूक भरणाराच्या धंद्यात हे दोन्ही अर्थ एक होऊन बसलेले असतात, कारण मापाचा पुरावा तिथे तत्काळ मिळतो.

दारूगोळ्याच्या बाबतीतील ही सावधगिरी आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन आतील दारू व बाण बाहेर काढून उन्हे द्यावीत व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा दंडक घालून दिलेला आहे. दारूची तऱ्हा ओलाव्याने बदलते, बदललेली दारू जुन्या मापाने वागत नाही, आणि म्हणून तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस हवा, हे त्या दंडकामागचे मर्म होय. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र त्याहून लहान आहे, इतका लहान की तो मोहरीच्या दाण्यात मावतो. एका गोळीऐवजी शेकडो बारीक छर्रे पिस्तुलासारख्या आखूड हत्यारातून उडवावेत, ही हौस मनुष्याला कशी लागली, त्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने काडतुसे कशी भरली, आणि शेवटी निसर्गनियमाने त्याला कोठे अडविले, याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम छर्ऱ्याविषयीच सांगितले पाहिजे, कारण वाटोळा छर्रा ही दिसते तितकी सोपी वस्तू नाही. मोठी गोळी साच्यात ओतता येते. पण दोन-अडीच तोळे वजनात जिथे शेकड्यांनी दाणे हवेत, तिथे साचा निरुपयोगी ठरतो. सतराव्या शतकातील युरोपात यावर जी तोड निघाली ती आपल्या कोणत्याही आचाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येईल. ती तोड म्हणजे बुंदी पाडणे. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात राजपुत्र रूपर्टची म्हणून जी कृती दिली आहे, तीत वितळलेल्या शिशात हरताळ मिसळावा आणि ते शिसे भोकाभोकांच्या भांड्यातून खाली ठेवलेल्या पाण्यात थेंबाथेंबाने गाळावे, असे सांगितले आहे. हरताळ हे सोमलाचे खनिज. त्याच्या अंशाने शिशाचा थेंब शेपटी न काढता गोल होतो, हे त्या लोकांनी कारण न कळता केवळ अनुभवाने हेरले होते. परंतु झारा पाण्याच्या अगदी जवळ असल्यामुळे थेंबाला पुरते वाटोळे होण्यास सवड मिळत नसे, आणि हे छर्रे बहुधा चपटे, खळगा पडलेले निघत. पीठ पातळ झाले किंवा झारा खाली आला म्हणजे बुंदीला शेपट्या फुटतात, त्यातलाच हा प्रकार.

हा दोष ज्याने घालविला तो विल्यम वॉट्स हा इंग्लंडातील ब्रिस्टल शहरचा शिशाच्या नळांचे काम करणारा एक कारागीर होता. दारूच्या धुंदीत त्याला शिशाचा पाऊस पडत असल्याचे स्वप्न पडले, अशी एक आख्यायिका आहे. काहींच्या मते ते स्वप्न त्याच्या पत्नीला पडले. स्वप्न कोणाचेही असो, १७८२ सालचे पेटंट मात्र वॉट्सच्या नावचे आहे. रेडक्लिफ भागातील आपल्या राहत्या घरावर त्याने मनोरा चढविला, घराखाली जमीन खणून विहिरीसारखे विवर केले, आणि वरच्या टोकाशी वितळवलेले शिसे झाऱ्यातून सोडून ते मजल्यामागून मजले ओलांडीत तळच्या पाण्यात पडू दिले. हवेतून मुक्तपणे पडणारा द्रव थेंब आपल्याच पृष्ठताणाने गोल होतो आणि पाण्याला टेकण्यापूर्वी निवून गोलच राहतो, एवढेच काय ते त्या युक्तीचे रहस्य. शिशाने मिळविलेला पैसा वॉट्सला मात्र पचला नाही. क्लिफ्टनच्या उतारावर विंडसर टेरेस नावाची टोलेजंग चाळ उभारण्याच्या नादात पायाच्या भिंतींनीच त्याची पुंजी गिळली आणि त्याचे दिवाळे निघाले. ज्याने शिशाला खाली पडायला शिकविले, त्याला स्वतःचे घर उतारावर उभे ठेवता आले नाही, असे त्याच्या नगरवासीयांनी म्हटले असल्यास नवल नाही.

पुढील शंभर वर्षांत असे मनोरे इंग्लंड-अमेरिकेत ठिकठिकाणी उभे राहिले. चेस्टरचा १७९९ साली बांधलेला मनोरा आजही उभा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील १८२८ सालचा मनोरा २३४ फूट उंच असून तो दीर्घकाळ त्या देशातील सर्वांत उंच इमारत म्हणून गणला जाई. या मनोऱ्याच्या पोटातील दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे: माथ्यावर भट्टी धगधगते आहे, कारागीर पळीने शिसे झाऱ्यावर ओततो आहे, आणि तिथून सुटलेली रुपेरी धार थेंबाथेंबांत फुटून चार सेकंदांच्या आसपास अंधाऱ्या पोकळीतून घसरत अखेरीस हौदात चुरचुरत शांत होते आहे. हौदातून काढलेले दाणे वाळवावयाचे, ग्राफाइटची पूड घालून पिंपात घोळवावयाचे, आणि मग त्यांची परीक्षा घ्यावयाची. ही परीक्षा मला त्या संपूर्ण धंद्यातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तिरप्या फळीवरून दाणे सोडून देत. जो खरोखर गोल असे तो वेगाने घरंगळत येऊन फळीपुढील फटीवरून उडी मारून पलीकडे जाई, आणि जो ओबडधोबड असे तो अडखळत येऊन फटीत पडे व परत कढईत जाई. हिशेबनीस नको, पारखी नको. दाण्याचे गुणच दाण्याचा निवाडा करीत.

या दाण्यांना नंबर असतात, आणि नंबर वाढेल तसा दाणा लहान होतो. अमेरिकन पद्धतीत सतरातून नंबर वजा करावा, म्हणजे राहील तितक्या शतांश इंचाचा दाणा. त्यामुळे नऊ नंबरचा छर्रा आठ शतांश इंचाचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा, आपल्या राळ्याच्या दाण्याएवढा असतो. आणि बारा नंबरचा पाच शतांश इंचाचा म्हणजे अस्सल मोहरी. इंग्रजीतही या बारीक छर्ऱ्याला मोहरीचे बी म्हणण्याची प्रथा होती, ही गोष्ट स्वयंपाकघर सर्वत्र सारखेच असते याची साक्ष देते.

छर्रा गोल झाला; आता तो एकत्र राहावा कसा, हा प्रश्न पुढे आला. नळीतून सुटताच छर्रे पांगतात, आणि पांगणे हाच त्यांचा धर्म व हाच त्यांचा दोष. जोशुआ जेनूर याने १८२७ साली पेटंट घेतलेल्या आणि पुढे ईले बंधूंनी प्रसिद्धीस आणलेल्या काडतुसात छर्रे तारेच्या जाळीच्या पिशवीत भरलेले असत. हेतू हा की जाळीने त्यांना काही अंतर एकत्र न्यावे आणि मग मोकळे सोडावे. पण कधी कधी जाळी उलगडतच नसे आणि सारा ऐवज एकाच गोळीसारखा जाऊन पक्ष्याच्या चिंधड्या करी. या ईले घराण्यातील विल्यम ईले १८४१ साली स्फोटक द्रव्य हाताळताना झालेल्या अपघातात मरण पावला. दारूगोळ्याच्या इतिहासात असे बळी जागोजागी आढळतात, आणि ते बहुधा नवशिक्यांचे नसून जाणकारांचे असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरावयाच्या बंदुका आणि पितळेची पुंगळी आली, आणि ठासणीवाल्याची कला नाहीशी होण्याऐवजी घरातल्या मेजावर येऊन बसली. पितळेची पुंगळी महाग, पण पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगी. आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील वस्तीपासून दुकान चार दिवसांच्या वाटेवर. सबब उडवलेली पुंगळी जपून ठेवावी, जुनी केप ठोकून काढावी, नवी बसवावी, दारू मापावी, गोळी दाबावी, हा उद्योग घरोघर चालू झाला. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने १८८४ च्या सुमारास आयडियल नावाच्या कंपनीतून या कामासाठी एक अवजार काढले, ते दिसावयास थेट आपल्या अडकित्त्यासारखे होते. रात्री चुलीपाशी बसून अडकित्त्याने सुपारी कातरावी तशी माणसे काडतुसे भरीत. गोळी भरता येते तर छर्रे का भरू नयेत, हा प्रश्न अशाच एखाद्या मेजाशी कोणाच्या तरी मनात आला असावा; कारण कमरेला पिस्तूल सदैव असे, लांब बंदूक नेहमी जवळ नसे, आणि वाटेत साप, कोठारात घूस व रानात लहानसा पक्षी मात्र नेहमी आढळे.

या प्रश्नाचे सर्वांत शहाणे उत्तर वस्तुतः त्याआधीच दिले गेले होते. न्यू ऑर्लीन्स येथील झाँ अलेक्झांडर लमॅट याने १८५६ साली पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्वरमध्ये नऊ गोळ्यांचे चक्र ज्या दांड्याभोवती फिरे, तो दांडाच पोकळ करून त्याची छर्रे उडवणारी दुसरी जाड नळी केलेली होती. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील काही सेनाधिकाऱ्यांच्या कमरेला हे हत्यार असे. गोळीची नळी निराळी आणि छर्ऱ्याची नळी निराळी, हा लमॅटचा निर्णय किती मूलगामी होता हे समजण्यासाठी नळीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

पिस्तुलाच्या नळीत आटे पाडलेले असतात. नळीतून पुढे सरकणारी गोळी त्या आट्यांत रुतून गिरकी घेते, आणि भोवरा जसा फिरता असेपर्यंत कलत नाही तशी ती गोळी आपला अक्ष न सोडता सरळ जाते. गोळीची सारी अचूकता या गिरकीत आहे. आता त्याच नळीत एका गोळीच्या जागी सव्वाशे दाण्यांचा स्तंभ घाला. तोही फिरतो, पण गोळी एकजीव आहे आणि स्तंभ नाही. नळीच्या भिंतीने त्याला जोवर आवरून धरले आहे तोवर तो आवरलेला. तोंडाबाहेर पडताक्षणी प्रत्येक दाणा फिरत्या गोफणीतून सुटलेल्या खड्यासारखा बाहेरच्या अंगाला निघून जातो. एका प्रसिद्ध अमेरिकन बनावटीच्या ३८ कॅलिबरच्या रिव्हॉल्वरमध्ये आट्यांचा एक पूर्ण फेरा सुमारे १९ इंचांत होतो; छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला हजार फूट धरला तर नळी सोडताना ते सेकंदाला सहाशेहून अधिक गिरक्या घेत असतात, आणि स्तंभाच्या कडेचा दाणा दर शंभर हात पुढे जाताना सुमारे सहा हात बाजूला सरकतो. हिशेबाने पाहिले तर अवघ्या दहा फुटांवर कडेच्या दाण्यांचे कडे हातभर व्यासाच्या जवळपास जाते, आणि तीस फुटांवर त्या कड्यातून एखादे मूल उडी मारून जाईल. दाणे आट्यांवरून थोडेफार घसरतात म्हणून प्रत्यक्षात कडे काहीसे लहान पडते; पण कागदावर बार घेऊन पाहणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसली ती हीच आकृती: भोवताली ठिपक्यांचे वलय, आणि ज्या मध्यबिंदूवर नेम धरला तिथे मोकळी जागा. गोळीला जो गुण तोच छर्ऱ्याला अवगुण. एकाच आट्याने एकाला मार्गस्थ केले आणि दुसऱ्याला मार्गभ्रष्ट.

दुसरी मर्यादा जागेची. बारा बोअरच्या बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसात सव्वा औंसाच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पावणेतीन ते तीन तोळे छर्रे असतात. रिव्हॉल्वरच्या ३८ कॅलिबरच्या काडतुसात १०० ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जेमतेम अधिक, आणि २२ कॅलिबरच्या चिमुकल्या काडतुसात तर अवघे ३१ ग्रेन, म्हणजे दोन मासे, इतकाच माल मावतो. पुंगळी लांबवावी तर चक्राची लांबी आड येते. दारू कमी करून छर्रे वाढवावेत तर वेग जातो. दाणा मोठा घ्यावा तर संख्या घटते. आणि दाणा लहान घेतला तर त्याचा जोर किती? नऊ नंबरचा एक दाणा अर्ध्या गुंजेचाही भरत नाही, आणि वाटोळे हलके शरीर हवेला इतके अडते की थोड्याच अंतरात त्याचा आवेश ओसरतो. म्हणून या विद्येतील अनुभवी माणसे ज्या अंतराची भाषा बोलतात ते यार्डांत नसून पावलांत असते. चार पावलांवर साप, सहा-सात पावलांवर उंदीर. त्यापुढे आवाज तेवढा मोठा.

तिसरी मर्यादा यंत्राची. स्वयंचलित पिस्तुलात काडतूस खणातून उचलले जाऊन उतरणीवरून नळीत चढावे लागते, आणि ते चढण्यासाठी त्याला गोळीसारखे घट्ट, निमुळते नाक हवे. छर्ऱ्याच्या काडतुसाला ते सहसा नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विमान पाडले गेल्यास रानात पडलेल्या वैमानिकाने पिस्तुलानेच पक्षी मारून पोट भरावे म्हणून ४५ कॅलिबरची एम १२ आणि एम १५ ही छर्ऱ्याची काडतुसे काढली. त्यांत साडेसात नंबरचे ११८ छर्रे असत. ती नळीत बसत, परंतु खणातून वर येत नसत. वैमानिकाने प्रत्येक काडतूस हाताने एकेक घालावे, अशी व्यवस्था होती. आधुनिक यंत्रविद्येने नटलेले पिस्तूल शिकारीच्या वेळी पुन्हा ठासणीच्या बंदुकीच्या पायरीवर येऊन बसले, हा एक प्रकारे काळाने घेतलेला सूड म्हणावा.

असे असताही या काडतुसाचा इतिहास केवळ फजितीचा नाही, आणि इथेच या विषयातील खरी गंमत आहे. १८८३ साली नेब्रास्कामध्ये सुरू झालेल्या आणि १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी लंडनपर्यंत गेलेल्या बफेलो बिलच्या खेळात विल्यम कोडी दौडत्या घोड्यावरून हवेत फेकलेले काचेचे गोळे फोडीत असे, आणि हजारो प्रेक्षक ही गोळीची करामत समजून टाळ्या वाजवीत. पुष्कळदा ती गोळी नसून आटे काढून टाकलेल्या नळीतून उडवलेले बारीक छर्रे असत, हे पुढे सर्वांना कळले. आणि ज्या काडतुसाच्या पुंगळीत ते भरलेले असत ती ४४-४० जातीची पुंगळी रायफलीत आणि रिव्हॉल्वरमध्ये सारखीच बसणारी होती. यात लबाडी होती हे खरे. पण त्याहून मोठे शहाणपणही होते. मांडवाबाहेर वस्ती, बाजार आणि गुरे. रायफलीची गोळी मैल-मैल जाऊन कोणाचा प्राण घेईल याचा नेम नाही. छर्रा मात्र काच फोडून थोड्याच अंतरावर वाळूत निजतो. जी दुर्बलता रानात दोष ठरली, तीच मांडवात सद्गुण ठरली. कोठारातील उंदीर मारताना छपराच्या पत्र्याला भोक पडू नये, याही कामी तीच दुर्बलता उपयोगी पडते.

मर्यादा ओळखून वापर करणारा दुसरा वर्ग म्हणजे पक्षिशास्त्राचे अभ्यासक. एकोणिसाव्या शतकात अभ्यास म्हणजे नमुना, आणि नमुना म्हणजे बंदूक, असे समीकरण होते. इलियट कूज या अमेरिकन पक्षितज्ज्ञाने १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रीय पक्षिशास्त्रावरील मार्गदर्शिकेत कोणती बंदूक घ्यावी, किती बारीक छर्रा वापरावा, याची चर्चा पक्ष्यांच्या चर्चेइतकीच मन लावून केलेली आहे. शिंजीर किंवा वटवट्या यांसारख्या तोळाभरही न भरणाऱ्या जीवावर मोठा छर्रा घातला तर हाती पिसांचा चोथा येतो. म्हणून मोहरीएवढे छर्रे, मोजकी दारू आणि मोजकी पावले. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतील पक्ष्यांचा संग्रह याच परंपरेतून उभा राहिला. सालिम अली बालपणी ज्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपायी त्या संस्थेच्या पायऱ्या प्रथम चढले, ती छर्ऱ्याने नव्हे तर हवेच्या बंदुकीने मारलेली होती. परंतु पुढे हैदराबादसारख्या संस्थानांच्या सर्वेक्षणांत त्यांनाही बंदूक घेऊनच हिंडावे लागले, आणि पुढच्या पिढ्यांना केवळ दुर्बिणीवर भागविता यावे यासाठी लागणारे ज्ञान त्या नमुन्यांतूनच जमले.

या विद्येच्या इतिहासात राज्याच्या कायद्यानेही एक विलक्षण भूमिका बजावली आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत लमॅटचा धडा गिरवून आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची, केवळ छर्ऱ्यासाठी बनवलेली आखूड हत्यारे निघाली होती. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची हँडी गन ही त्यांतील एक. शास्त्रदृष्ट्या हाच योग्य मार्ग होता. परंतु टोळीबाजांच्या कारवायांमुळे १९३४ साली जो केंद्रीय हत्यारांचा कायदा झाला, त्याने लपवता येण्याजोग्या अशा हत्यारांवर नोंदणी आणि दोनशे डॉलरचा कर लादला, आणि कंपन्यांनी त्यांची घडाई बंद केली. आटेदार नळीचे पिस्तूल मात्र या बंधनातून सुटले. परिणाम असा झाला, की हौशी माणसाला छर्रे उडवावयाचे असतील तर ते नेमके त्याच आट्यांतून उडविणे भाग पडले, जे त्यांची वाट लावतात. पुढील चाळीस वर्षांतील सारी कारागिरी म्हणजे या कोड्याशी घेतलेली झटापट आहे. कोणी लांब रायफलीची पुंगळी कापून तिचे पिस्तुलाचे काडतूस केले. कोणी दोन पुठ्ठ्याच्या चकत्यांमध्ये छर्रे कोंडले. उघडे छर्रे आट्यांत शिशाचा थर माखून ठेवतात असे दिसल्यावर आयडाहोतील लुइस्टन येथील स्पीअर कंपनीने प्लॅस्टिकची कुपी विकावयास काढली, ती घरी छर्ऱ्यांनी भरून पुंगळीत गोळीच्या जागी बसवावयाची. १९६७ साली निघालेल्या थॉम्पसन-सेंटर कंपनीच्या काँटेंडर या पिस्तुलाच्या एका नळीला तर तोंडाशी सरळ, न वळणाऱ्या खाचांचे एक बूच लावण्याची सोय होती. आट्यांनी दिलेली गिरकी त्या खाचांनी नळी सोडण्यापूर्वी काढून घ्यावयाची. आधी नळीभर पीळ भरावा आणि मग तोंडाशी तो उलगडावा, हा उपाय दोराच्या कारखान्यात कोणी सुचविला असता तर मुकादमाने त्याला घरी पाठविले असते. पण कायदा आणि निसर्ग यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळातून जाणाऱ्याला दुसरी वाट नव्हती.

हाताने भरण्याचा धोकाही या काळात रूप बदलून राहिला. काळ्या दारूच्या दिवसांत पुंगळी काठोकाठ भरणे हेच माप होते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि तिचा जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट निघाला, तेव्हा जुन्या मापाने नवी दारू भरणाऱ्यांनी अनेक नळ्या फोडल्या. त्यातही छर्ऱ्याचा बार फसवा: गोळीचे वजन छापील असते, छर्ऱ्यांचा स्तंभ मात्र भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे सैल किंवा गच्च होतो, आणि जोर कमी पडला तर कुपी वा चकती नळीतच अडकून पुढच्या बाराची वाट पाहत बसते. म्हणूनच या विद्येचे जाणते लोक अंदाजाला थारा देत नसत आणि तराजूवाचून बार भरीत नसत.

आपल्या देशात ही विद्या मेजापर्यंत आलीच नाही. लॉर्ड लिटनच्या १८७८ सालच्या हत्यारबंदीच्या कायद्याने हत्यार आणि दारूगोळा दोन्ही परवान्याखाली आणले. १९५९ च्या कायद्यातही परवान्याशिवाय काडतूस बनविणे हा गुन्हाच राहिला. पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक वाक्य असे आहे, की जे वाचून वॉट्स आणि लमॅट दोघांनीही मान डोलावली असती: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याचा निराळा व सौम्य विचार त्यात केलेला आहे. अमेरिकेच्या कायद्याने आखूड हत्यारातून गुळगुळीत नळी हद्दपार केली. आपल्या कायद्याने गुळगुळीत नळीला लांबीची अट घालून शेताच्या बांधावर जागा दिली. छर्रा, गुळगुळीत नळी आणि पुरेशी लांबी ही एकाच कुटुंबातील भावंडे आहेत, हे आमच्या कायद्याच्या मसुदाकाराने जाणून लिहिले की नकळत, हा प्रश्न निराळा. त्याचे वाक्य शास्त्राला धरून आहे एवढे खरे. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकालात काढला, आणि साप दिसला तर पिस्तूल नव्हे, सर्पमित्राला निरोप, ही रीत रूढ झाली.

मनोऱ्यांचे दिवसही सरले. १९६१ साली लॉस एंजेलिसच्या लुई ब्लीमायस्टर याने इंचभर उंचीवरून गरम द्रवात थेंब सोडून, ते उतरणीवरून घरंगळवीत गोल करण्याची युक्ती पेटंट केली, आणि दोनशे फुटांचे काम एका टेबलावर आले. लंडनच्या थेम्सकाठचा मनोरा १९५१ च्या महोत्सवात दीपस्तंभ म्हणून मिरवून १९६२ साली पाडला गेला. वॉट्सच्या घरावरचा मूळ मनोरा १९६८ साली रस्तारुंदीत गेला. शिशाचे विष पाणपक्ष्यांच्या पोटात जाते हे सिद्ध झाल्यावर १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचा छर्राच वर्ज्य झाला. पिस्तुलाच्या छर्ऱ्याची काडतुसे मात्र अजून निघतात, आणि त्यांची पल्ल्याची मर्यादा होती तिथेच, मोजक्या पावलांपाशी, उभी आहे. तिरप्या फळीवरचा दाणा फटीवरून उडी मारतो किंवा फटीत पडतो. तिथे वशिला चालत नाही, कर भरून सुटका होत नाही, आणि अडकित्ता कितीही सराईत हातात असला तरी दाणा आपल्या गोलाईहून पुढे जात नाही. बार भरणारा मनुष्य हे जितके लवकर समजला, तितका त्याचा बार फुसका निघण्याचे थांबले.